जोकरची गुणपत्रिका

बॅटमॅनचा कट्टर वैरी जोकर नव्या नटाच्या रूपात पडद्यावर आला, किंवा येणार अशी नुसती कुणकुण लागली, की तो जुना वाद पुन्हा पेटतो. सर्वांत चांगला जोकर कोणाचा? हीथ लेजर की वाकीन फीनिक्स? जॅक निकोल्सनला दुसरा क्रमांक द्यायचा की तिसरा? जॅरेड लेटो तळाला असणार हे तर गृहीतच असतं. २०२४ साली फीनिक्सच्या चित्रपटाचा दुसरा भाग तिकीटखिडकीवर आपटला, तेव्हा या वादाने एक विचित्र वळण घेतलं. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी फीनिक्सला डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्यातलेच काहीजण आता सांगू लागले की त्याचं २०१९ मधलं कामही मुळात तेवढं मोठं नव्हतंच. २०१९ च्या त्या चित्रपटातली एक चौकटही मधल्या काळात बदललेली नव्हती. मग त्यातला अभिनय अचानक हलका कसा झाला? यादीत वर-खाली सरकवण्याची सवय लागली की असंच होतं. समोरचं काम दिसेनासं होतं आणि फक्त आकडा दिसत राहतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या नटांची तुलना जरूर व्हावी, कसून व्हावी. पण सगळे एकाच परीक्षेला बसले होते आणि प्रश्नपत्रिका एकच होती, असं समजून त्यांना गुण देणं चूक आहे. प्रत्येक चित्रपटाने आपापल्या नटापुढे वेगळा प्रश्न ठेवला होता. आधी तो प्रश्न नीट वाचावा, मग उत्तर तपासावं. आणि नटाने भूमिकेसाठी किती सोसलं हे मोजायची जी पट्टी या वादात सर्रास वापरली जाते, ती तर पूर्णपणे टाकून द्यावी.

'एकच व्यक्तिरेखा' हे शब्द आपण किती सैलपणे वापरतो, ते आधी पाहू. जोकर पहिल्यांदा आला तो १९४० साली, बॅटमॅनच्या स्वतंत्र चित्रकथा-मासिकाच्या पहिल्याच अंकात. तो त्याच अंकात मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी त्याला वाचवलं, शेवटच्या क्षणी चित्रं बदलली गेली आणि तो जिवंत राहिला. सुरुवातीचा हा जोकर थंड डोक्याने माणसं मारणारा होता. १९५४ मध्ये अमेरिकन चित्रकथांवर आचारसंहिता आली, त्या काळात तो खोड्या काढणारा विदूषक झाला. १९७३ मध्ये लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केलं. १९८८ मध्ये तर वाचकांनी फोनवर मत द्यायचं आणि त्यावर बॅटमॅनच्या साथीदाराचं जगणं-मरणं ठरायचं, असा प्रकार झाला. ५,३४३ विरुद्ध ५,२७१ अशा अवघ्या ७२ मतांच्या फरकाने रॉबिनचा, म्हणजे जेसन टॉडचा, जोकरच्या हातून मृत्यू झाला. अशा व्यक्तिरेखेत 'मूळ' काय धरायचं? पांढरा चेहरा, हिरवे केस, ताणलेलं हसू आणि समोर बॅटमॅन. स्थिर आहे ते एवढंच. बाकी सगळं दर पिढीत नव्याने लिहिलं गेलं आहे. 'अमुक नटाचा जोकर खऱ्या जोकरशी प्रामाणिक आहे' असं कोणी म्हणालं, की मला विचारावंसं वाटतं : कोणत्या सालच्या?

यावर एक आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. 'प्रत्येकाचा प्रश्न वेगळा' म्हणणं ही पळवाट नाही का? मग काय, सगळेच आपापल्या जागी थोर? अभिनयात चांगलं-वाईट असतंच. एक नट प्रसंग उचलतो, दुसरा पाडतो, आणि ते सांगण्याची हिंमत नसलेली समीक्षा काय कामाची? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मराठी प्रेक्षकाला तर तो रक्तातूनच कळतो. 'नटसम्राट' १९७० मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही ते साकारले. तेव्हाच्या नाट्यवेड्या मंडळींशी कधी बोलून बघा. कोणत्या स्वगतात कोण कुठे थांबलं, कोणाचा आवाज कोणत्या शब्दावर चढला, याच्या कहाण्या ते आजही तासन्‌तास सांगतील. ही तुलना खरी तुलना होती, कारण ती ओळीवर ओळ ठेवून केलेली होती. संहिता एकच, वाक्यं तीच, त्यामुळे फरक पडला तो नटाचाच.

पण नेमका हाच आधार जोकरच्या बाबतीत नाही. लेजर आणि फीनिक्स यांच्या वाट्याला समान असं एकही वाक्य आलेलं नाही. समान प्रसंग नाही, समान भूतकाळ नाही, समान नावही नाही. निकोल्सनचा जोकर जॅक नेपियर आहे, फीनिक्सचा आर्थर फ्लेक, आणि लेजरच्या जोकरला तर नावच नाही. पोलिसांना त्याच्या बोटांच्या ठशांची नोंदसुद्धा कुठे सापडत नाही. फीनिक्सच्या पहिल्या चित्रपटात बॅटमॅन नाही. आहे तो पुढे बॅटमॅन होणारा, शाळकरी वयाचा ब्रूस वेन. खलनायक हा नायकाच्या नात्याने खलनायक असतो. ज्याच्यासमोर नायकच उभा नाही, त्याच्या कामाला 'खलनायकी'चे गुण कसे द्यायचे?

दोघांनाही ऑस्कर मिळालं म्हणून तरी तुलना होऊ शकते, असं म्हणणारे आहेत. लेजरला २००९ मध्ये, मृत्यूनंतर, सहाय्यक अभिनेत्याचं. फीनिक्सला २०२० मध्ये प्रमुख अभिनेत्याचं. याआधी एकाच व्यक्तिरेखेसाठी दोन नटांना ऑस्कर मिळालं होतं ते 'गॉडफादर' चित्रपटांतल्या व्हितो कॉर्लिऑनसाठी : मार्लन ब्रँडो आणि रॉबर्ट डी नीरो. पण तिथे डी नीरोवर ब्रँडोचं बंधन होतं. ब्रँडोने रंगवलेला म्हातारा त्याला त्या माणसाच्या तरुणपणातून उगवून दाखवायचा होता. आवाजाचा तो घोगरेपणा, हाताची ती हालचाल पुढे कुठे पोहोचणार आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत होतं. फीनिक्सवर लेजरचं असं कोणतंच ऋण नव्हतं. उलट त्याच्यासारखं काही न करणं हीच त्याची पहिली अट असणार.

मग लेजरला कोणता प्रश्न दिला गेला होता? भूतकाळ नसलेला माणूस खरा कसा वाटावा, हा. नट एरवी भूमिकेत शिरतो तो तिच्या मागच्या दारातून : हा माणूस कुठे जन्मला, कोणी दुखावला, याला काय हवंय. २००८ च्या 'द डार्क नाइट'चा दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनने ते दारच बंद केलं होतं. जोकर आपल्या गालांवरच्या व्रणांची कहाणी सांगतो, एकदा गुंडांच्या म्होरक्याला आणि एकदा ब्रूस वेनच्या मैत्रिणीला, रेचलला. पहिल्या वेळी दारुडा बाप आणि स्वयंपाकघरातला चाकू असतो, दुसऱ्या वेळी कर्जात बुडालेली बायको. दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. आणि तरी लेजर दोन्ही वेळा असा सांगतो की ऐकताना अंगावर काटा येतो. बापाची गोष्ट सांगताना त्याच्या आवाजात चेकाळलेलं काहीतरी आहे. बायकोची गोष्ट सांगताना तो आवाज खाली उतरतो, जवळजवळ हळवा होतो. म्हणजे खोटं बोलणारा माणूस समोरच्याला पाहून आपलं खोटं बेततो आहे, हे शब्दांत कुठेही नसताना आपल्याला कळतं. शेवटी तो बॅटमॅनला तिसऱ्यांदा सांगू लागतो, पण बॅटमॅन ती गोष्ट पुरी होऊच देत नाही. ही रचना पटकथेची आहे. तिच्यात जीव ओतला तो मात्र नटाने.

चौकशीच्या खोलीतला प्रसंग पाहा. काळोखात बसलेला जोकर, अचानक दिवे लागतात आणि मागे बॅटमॅन. मार सुरू होतो. या प्रसंगात ताकद एका बाजूला आहे, अधिकार दुसऱ्या बाजूला. जमिनीवर पडलेला माणूस हसतो आणि मारणाऱ्याचा चेहरा हताश होत जातो. लेजर इथे हसण्याचा वापर ढालीसारखा करतो : तुझ्याकडे मला घाबरवायला काहीच नाही, हे तो शब्दांत म्हणतो त्याच्या आधी त्याच्या हसण्यातून आपल्यापर्यंत पोहोचलेलं असतं. त्याची वारंवार ओठांवर फिरणारी जीभ, पुढे झुकलेली मान, वाक्याच्या मध्येच उंच होणारा स्वर, या सगळ्यांतून एक असा माणूस दिसतो की ज्याच्या शरीराची दुरुस्ती कोणीतरी घाईघाईत केली आहे. २००६ मध्ये या भूमिकेसाठी त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा चाहत्यांनी नाकं मुरडली होती. हा देखणा, प्रेमपटांतला पोरगा जोकर कसा करणार? दोन वर्षांनी ते तोंडघशी पडले. आज फीनिक्स की लेजर म्हणून हिरिरीने भांडणाऱ्यांनी हे आठवावं. कारण आधीच्या जोकरवरून पुढच्याचं माप काढण्याची हीच सवय तेव्हाही आडवी आली होती.

फीनिक्सचा प्रश्न बरोबर उलटा होता. भूतकाळाने गच्च भरलेला, सगळं काही उलगडून सांगितलेला माणूस भीतिदायक कसा राहावा? आर्थर फ्लेकचं सगळंच आपल्याला ठाऊक आहे : आजारी आई, बंद पडणारं समुपदेशन, थांबणारी औषधं, लहानपणी झालेला छळ. इतकं कळल्यावर माणूस दयनीय होतो, आणि दयनीय माणसाची भीती वाटत नाही. फीनिक्सने यातून काढलेली वाट माझ्या मते या चित्रपटातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. त्याने हसणं हीच जखम केली. आर्थरचं हसू हे आजाराचं लक्षण आहे. ते आनंदाने येत नाही, ते उचकीसारखं येतं, घशात अडकतं, तो ते हाताने दाबू पाहतो आणि डोळ्यांत पाणी येतं. दिग्दर्शक टॉड फिलिप्सने त्याला अशा आजाराच्या खऱ्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. पण विनोदाच्या कार्यक्रमात बसलेला आर्थर हसतो ते हसू वेगळं आहे. इतर हसतात त्याच्या क्षणभर नंतर, चुकीच्या जागी, मिसळून जाण्यासाठी केलेलं. आणि शेवटी रुग्णालयात तो हसतो ते आणखी वेगळं. पहिल्यांदाच तो कोणासाठी किंवा कशाने नव्हे, तर स्वतःशी हसतो. भीती वाटते ती तिथे.

तरीही माझी एक तक्रार आहे, आणि तीही बोलतो. हे काम थोर आहे, पण ते एका माणसाचं चित्रण आहे. जोकर त्याच्या टोकाला येतो आणि चित्रपट संपतो. दुसऱ्या भागात तर आर्थर भर न्यायालयात सांगून टाकतो की जोकर असं काही नाहीच, फक्त मी आहे. अनेकांना तो विश्वासघात वाटला. मला ती पहिल्या भागाची प्रामाणिक कबुली वाटली. लेजरचा जोकर एक शक्ती आहे जिला माणूस नाही, आणि फीनिक्सचा आर्थर एक माणूस आहे ज्याला ती शक्ती पेलत नाही. या दोघांना एकाच तराजूत घालून काय हाती लागणार?

रंगभूमीच्या इतिहासात याला एक जवळचं उदाहरण आहे. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला सावकार शायलॉक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या रंगमंचावर तो विनोदी नटांकडे जायचा आणि लोक त्याला हसायचे. १७४१ मध्ये चार्ल्स मॅकलिनने ड्रुरी लेन नाट्यगृहात तो करवादलेला, सुडाने पेटलेला असा उभा केला, आणि हसू थांबलं. १८१४ मध्ये त्याच नाट्यगृहात एडमंड कीनने त्याला दुखावलेल्या माणसाचा संताप दिला. विल्यम हॅझ्लिटसारखा समीक्षक त्या पहिल्याच प्रयोगाने भारावला. १८७९ मध्ये हेन्री अर्विंगने लायसियम नाट्यगृहात त्याला जवळजवळ शोकनायक केलं. मुलगी पळून गेल्यानंतर शायलॉक घरी परततो आणि रिकाम्या घराचं दार ठोठावतो, असा एक मूक प्रसंग अर्विंगने जोडला. तो संहितेत नाही. आधी हसण्याजोगा, मग भयंकर, मग दुखावलेला, मग दयेला पात्र : शायलॉकला या प्रवासाला दीडशे वर्षं लागली. जोकरने तोच प्रवास १९६६ ते २०१९ या काळात उरकला. अर्विंगचं ते रिकामं घर आणि आर्थर फ्लेकचं आईसोबतचं घर मला शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हीकडे खलनायकाला उंबरठ्यावर एकटं उभं करून प्रेक्षकाला त्याच्या बाजूला ओढलं आहे. आणि दोन्हीकडे काहीतरी गमावलं गेलं. अर्विंगचा शायलॉक पाहून डोळे भरत असतील, पण मॅकलिनच्या शायलॉकने जी धडकी भरवली ती तिथे नसणार. मॅकलिन थोर की अर्विंग, याचा निवाडा कोणी करत बसत नाही. कोणत्या काळाने या पात्राकडून काय मागितलं आणि नटाने काय दिलं, हे विचारलं जातं. जोकरला हा मान का नको?

हा मान सर्वांत कमी मिळालाय तो सीझर रोमेरोला. १९६६ ते १९६८ या काळातल्या दूरचित्रवाणी मालिकेतला हा जोकर आजच्या याद्यांत एक तर नसतो, किंवा 'तेव्हा सगळंच पोरकट होतं' असं म्हणून शेवटी ढकललेला असतो. रोमेरोने मिशी काढायला नकार दिला आणि पांढरा रंग मिशीवरूनच लावला गेला. जवळून पाहिलं तर ती दिसते. एवढीच काय ती त्याची आठवण सांगितली जाते. पण त्याच्यासमोरचा प्रश्न वाचा. या जोकरला कोणाचा जीव घेता येत नाही. त्याला मुलांना घाबरवायचं नाही आणि मोठ्यांना कंटाळाही आणायचा नाही. म्हणजे हिंसेशिवाय, फक्त उत्साहावर, खलनायक उभा करायचा. रोमेरो नर्तक होता आणि त्याने ते शरीराने केलं. हात, कोपर, गुडघे सगळे एकाच वेळी हसतात, गडगडाट करत निघालेलं हसू पायांपर्यंत उतरतं. १९६७ च्या एका भागात तो बॅटमॅनशी लाटांवर फळीने तरंगायची शर्यत लावतो. तेव्हा रोमेरो साठीला टेकला होता. तो प्रसंग तो असा करतो की जणू जगात याहून महत्त्वाचं काही नाहीच. कुठेही तो प्रेक्षकाला डोळा मारून 'मला ठाऊक आहे हे खुळं आहे' असं सांगत नाही. अशा निष्ठेला पोरकट म्हणणं मला मान्य नाही. उलट मी म्हणेन, लेजरला रोमेरोच्या मालिकेत बसवलं असतं तर ती मालिका कोलमडली असती.

निकोल्सनवरचा आरोप असा की तो जोकर नव्हे, निकोल्सनच वठवतो. यात तथ्य आहे. १९८९ च्या टिम बर्टनच्या त्या चित्रपटात भुवई उचलण्याची, शब्द लांबवण्याची त्याची सगळी जुनी सामग्री हजर आहे. पण त्या चित्रपटातला बॅटमॅन जवळपास मुका आहे, काळ्या रबरात अडकलेला आहे. अवाढव्य, अंधाऱ्या शहरात कोणीतरी जागा भरायला हवी होती. आणि या जोकरचा मूळ स्वभावच प्रदर्शनाचा आहे. रसायनात पडण्याआधीचा जॅक नेपियर आरशापुढे रेंगाळणारा, स्वतःच्या रूपावर खूश असलेला गुंड आहे. पट्ट्या सुटल्यावर तो आरसा मागतो, फोडतो आणि हसत निघून जातो. पुढे संग्रहालयातल्या थोर चित्रांवर तो साथीदारांसह रंग फासत जातो आणि फ्रान्सिस बेकनच्या एका भेसूर चित्रापाशी येताच साथीदाराला अडवून ते वाचवतो. हे एक चित्र आपल्याला आवडल्याचं सांगतो. स्वतःवर भाळलेल्या माणसाची भूमिका स्वतःच्या लकबींवर भाळलेल्या ताऱ्याला दिली, यात चूक कसली? मला तरी ही अचूक निवड वाटते.

आता त्या दुसऱ्या पट्टीकडे येतो, जिचा मला खरोखर राग येतो. 'लेजरने भूमिकेसाठी जीव दिला.' हे वाक्य इतक्यांदा उच्चारलं गेलंय की ते आता पुरावा म्हणून वापरलं जातं. २२ जानेवारी २००८ रोजी तो गेला, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या मिश्रणाने, आणि तो अपघाती मृत्यू असल्याचं न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांनी नोंदवलं. जोकरचं चित्रीकरण तोवर संपलं होतं. तो दिग्दर्शक टेरी गिलियमच्या वेगळ्याच चित्रपटात काम करत होता. जोकर करताना त्याला मजा येत होती, असं त्याच्या घरच्यांनी वारंवार सांगितलंय. एका अठ्ठावीस वर्षांच्या माणसाच्या मृत्यूला त्याच्या उत्तम कामाची किंमत ठरवणं हे त्या कामाचं कौतुक नाही. ते कामाकडे पाहण्याचं टाळणं आहे. गालावरच्या व्रणांची गोष्ट दोनदा वेगळ्या सुरात सांगणं ही कारागिरी आहे, मोजूनमापून केलेली. तिला झपाटलेपण म्हटलं की नटाचं डोकं आणि मेहनत दोन्ही खोडली जातात.

यावर सांगितलं जातं की भूमिकेत बुडण्याचे परिणाम दिसतात की. फीनिक्सने बावन्न पौंड, म्हणजे तेवीस किलोच्या आसपास वजन घटवलं आणि ती हाडं, ती पाठ पडद्यावर बोलते. खरंय, बोलते. आर्थर वाकून बूट ओढतो तेव्हा खांद्याचं हाड ज्या तऱ्हेने वर येतं, ते रंगभूषेने साधलं नसतं. मी वजन घटवण्याला नावं ठेवत नाही. पण ते साधन आहे. त्याच फीनिक्सने मेट्रोतल्या खुनांनंतर स्वच्छतागृहात केलेला तो संथ नाच पाहा. पटकथेत तिथे वेगळंच काही होतं. फिलिप्सने संगीतकार हिल्डुर गुडनादोत्तिरने रचलेली चेलोची धून वाजवली आणि तो नाचू लागला. त्या क्षणाचं श्रेय तेवीस किलोंना द्यायचं की कान देऊन ऐकणाऱ्या नटाला? आणि सोसणं किंवा विक्षिप्त वागणं हेच माप असेल, तर जॅरेड लेटोचं काय? त्याने चित्रीकरणाबाहेरही जोकर होऊन सहकलाकारांना चित्रविचित्र भेटी पाठवल्या, मार्गो रॉबीला तर जिवंत उंदीर. त्या गोष्टी चित्रपटापेक्षा जास्त गाजल्या. मग पहिला क्रमांक त्यालाच द्यायला हवा. कोणी देत नाही, म्हणजे ही पट्टी वापरणाऱ्यांनाही ती पटलेली नाही.

लेटोच्या बाबतीत मात्र उलट्या बाजूने अन्याय झालाय. २०१६ च्या 'सुइसाइड स्क्वाड' या चित्रपटात जोकर उरला तो जेमतेम दहा मिनिटांचा. त्याचे कितीतरी प्रसंग संकलनात गेले. पडद्यावर आलेली आवृत्ती आपली नव्हेच, असं दिग्दर्शक डेव्हिड एअरने जाहीरपणे सांगितलंय. जे उरलं ते दुबळं आहे, हे मी नाकारत नाही. कपाळावर गोंदलेला शब्द आणि धातूचे दात नटाच्या आधीच सगळं बोलून टाकतात, आणि नटाला करायला काही राहत नाही. पण ज्याची उत्तरपत्रिकाच फाडली गेली, त्याला 'नापास' लिहिण्याआधी थोडं थांबायला हवं.

गिलियमच्या त्या अर्धवट राहिलेल्या चित्रपटाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. लेजर गेल्यावर त्याची भूमिका जॉनी डेप, ज्यूड लॉ आणि कॉलिन फॅरल या तिघांनी पूर्ण केली. हे पात्र जादूच्या आरशापलीकडे जातं तेव्हा त्याचा चेहरा बदलतो, अशी युक्ती काढण्यात आली. मिळालेलं मानधन तिघांनी लेजरच्या लहान मुलीला दिलं. एकच पात्र, एकाच चित्रपटात चार नट. त्यांच्यात पहिला कोण, असा प्रश्न तो चित्रपट पाहताना माझ्या मनात आला नाही. प्रत्येकाची खेप आरशापलीकडच्या वेगळ्या जगात होती, एवढं पुरेसं होतं.

मग माझी स्वतःची पसंती नाहीच का? आहे. बरीच वर्षं मीही लेजरचं नाव घेत होतो, आणि त्यापुढे कोणी जाऊ शकत नाही असं ठासून सांगत होतो. मत बदललं ते एकदा डोळे मिटून मार्क हॅमिल ऐकला तेव्हा. १९९२ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेपासून त्याने जोकरला आवाज दिला, पुढे २००९ पासूनच्या बॅटमॅनच्या 'अर्कम' व्हिडिओ खेळांतही. त्याच्याकडे चेहरा नाही, चाल नाही, रंगभूषा नाही. आणि मालिका मुलांसाठी असल्याने रक्तही नाही. त्याचा प्रश्न सर्वांत कठीण होता : विनोदी आणि भयंकर हे दोन जोकर एकाच गळ्यात कसे राहावेत? १९९२ मधलाच एक भाग आहे. चार्ली कॉलिन्स नावाचा एक साधा नोकरदार रस्त्यावर चिडून एका गाडीवाल्याला शिव्या घालतो आणि तो निघतो जोकर. जोकर त्याला सोडून देतो, बदल्यात भविष्यात एक काम करून देण्याचं वचन घेऊन. दोन वर्षांनी तो ते वसूल करायला येतो. हॅमिल त्या बिचाऱ्याशी इतक्या लाडिक आवाजात बोलतो की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. शेवटी चार्लीच हातात बॉम्ब घेऊन त्याला गल्लीत गाठतो. जोकरचा शेवट कोणा नगण्य माणसाच्या हातून, कुठल्याशा कोपऱ्यात होणार, हे कळताच तो आवाज फुटतो आणि जोकर मदतीसाठी बॅटमॅनलाच हाका मारू लागतो. लाडीगोडी, गुरगुर, हसू, आणि खरीखुरी घाबरगुंडी, हे सगळं वीस-बावीस मिनिटांत. रोमेरोची उडी, निकोल्सनचा दिमाख आणि पुढे लेजरमध्ये दिसलेली धास्ती, तिन्ही मला त्या एका आवाजात ऐकू येतात. समोर केव्हिन कॉनरॉयचा बॅटमॅन असायचा, बहुतेकदा त्याच ध्वनिमुद्रण कक्षात. २०२२ मध्ये कॉनरॉय गेले, त्यानंतर त्यांच्याशिवाय हा जोकर पुन्हा करावासा वाटत नाही असं हॅमिलने सांगितलं. आणि तरीही बहुतेक याद्यांत तो 'केवळ आवाज' म्हणून बाहेर ठेवला जातो.

याद्यांबाहेर राहिलेला आणखी एक जण आहे, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं. १९२८ च्या एका मूकपटात, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून केलेल्या, कॉनराड फाइट या जर्मन नटाने असा एक माणूस रंगवला की ज्याचा चेहरा लहानपणीच चिरून कायमचा हसरा करून टाकलाय. जोकर घडवताना चित्रकथेचे लेखक बिल फिंगर यांनी फाइटचं त्या वेषातलं छायाचित्र समोर ठेवलं होतं, अशी हकिकत चित्रकार बॉब केन सांगत. फिंगर, केन आणि त्यांचे सहकारी चित्रकार जेरी रॉबिन्सन या तिघांत श्रेयावरून अखेरपर्यंत एकमत झालं नाही, पण ते छायाचित्र पाहिलं की नातं लपत नाही. फाइटचं पात्र खलनायक नाही, ते चित्रपटाचं नायक आहे. त्याचे ओठ मागे ओढून धरण्यासाठी दातांना कृत्रिम साधन लावलं होतं, ज्यामुळे त्याला नीट बोलताही येत नसे. त्या हलूच न शकणाऱ्या हसण्यामागून त्याने लाज आणि दुःख फक्त डोळ्यांनी दाखवलं, आणि जिथे ते असह्य होतं तिथे तो तोंडावर हात किंवा कापड धरतो. २०२२ मध्ये दिग्दर्शक मॅट रीव्ह्जने आपल्या बॅटमॅन-चित्रपटातला जोकर बेतला तोही पुन्हा याच चेहऱ्यावरून, जन्मतःच विकाराने हसरा झालेला. बॅरी कियोगनचा हा जोकर चित्रपटात कोठडीच्या दाराआडून ऐकू येतो आणि जेमतेम दिसतो. नंतर प्रसिद्ध केलेल्या एका वगळलेल्या प्रसंगात काचेपलीकडे बसून बॅटमॅनशी बोलतो. एवढ्यावर त्याला सहावा क्रमांक द्यायचा की पाचवा, यावरून वाद झडलेही. त्याच्या वाट्याची पटकथा अजून पडद्यावर यायची आहे.